लोहारमामांची चिमूट

गाड्या विजेवर गेल्या याचं सगळ्यांत जास्त दुःख कोल्हापूरला झालं. इतर शहरांना शांतता मिळाली, आम्हाला सुतक आलं. सायलेन्सरच्या आवाजावरून गल्लीतला पोरगा ओळखणारं आमचं गाव, आणि तिथं दोनशे किलोच्या मोटरसायकली मांजरीसारख्या गुपचूप शेजारून जायला लागल्या. माणूस अशा वेळी तोड काढतोच. गाडीला आवाज नाही ना, मग गाडीत आवाज बसवू. २०३०च्या पुढं-मागं उद्यमनगरात इंजिनची गॅरेजं एकेक करून बंद पडली आणि त्याच शटरांमागं साउंडची गॅरेजं उघडली. त्यातलं पहिलं माझ्या मामांचं, रावसो लोहार यांचं.

मी प्रणोती चौगुले. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली तेव्हा मी बारावीला होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मामांनीच करायला लावला आणि निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी हातात सोल्डरिंग गन दिली. त्याला अकरा वर्षं झाली. 'लोहारमामांची भाची' हीच माझी जिल्हाभरची ओळख आहे आणि मला तिचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं त्यात कुणाला भाऊबंदकी दिसायला नको.

मोटरसायकलवर साउंड बसवणं चारचाकीइतकं सोपं नाही. चारचाकीला दारं-खिडक्या असतात. इथं स्पीकर उघड्यावर, ऐकणारा उघड्यावर आणि मधून सत्तरच्या वेगानं वारा. वाऱ्याचा घोंघाट आधी खर्ज गिळतो, मग शब्द. म्हणून पुढच्या काचेमागं दोन स्पीकर, मागच्या पेट्यांत दोन, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी एक तळहाताएवढी पेटी. तिच्यात आवाजाच्या एकतीस पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात, आणि वेग वाढला की ती आवाज आपोआप चढवते. कुठली पट्टी किती आणि किती वेगाला किती, हे ठरवणं म्हणजे ट्यूनिंग. सामान कुणीही बसवेल. ट्यूनिंगला कान लागतो, आणि मामांचा कान म्हणजे आमच्याकडं शेवटचा शब्द होता.

स्टँडवर उभ्या गाडीचं ट्यूनिंग मामा करत नसत. उभ्या गाडीचा सूर खोटा, असं त्यांचं म्हणणं. गाडी मी चालवायची, मामा मागं बसणार, मांडीवर टॅब्लेट, आणि सादळे-मादळेच्या घाटात पाच फेऱ्या. चार फेऱ्यांत सगळ्या पट्ट्या जुळवून व्हायच्या. पाचव्या फेरीला मामा डोळे मिटून नुसतं ऐकायचे आणि शेवटी एकाच पट्टीला हात लावायचे, चार हजार हर्ट्झच्या. ती जराशी वर. मामी आमटी उतरवताना चव बघून वरून मीठ टाकते तेवढी. गिऱ्हाइकांनी या शेवटच्या हाताला 'मामांची चिमूट' असं नाव पाडलं होतं. चिमूट पडली की आवाजाला धार यायची, शब्दन् शब्द सुटा व्हायचा आणि झांज कानाशी वाजल्यासारखी वाटायची. पुण्याहून, बेळगावहून लोक खास चिमटीसाठी गाड्या घेऊन यायचे, आणि मामा त्यांना "चहा घ्या आधी" म्हणून तासभर ताटकळत ठेवायचे.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका नव्या कंपनीनं आमच्याकडं नमुना म्हणून एक हेल्मेट पाठवलं. त्याचं नाव 'कानोसा'. आता थोडं शास्त्र सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

आपला कान नुसता ऐकत नाही, तो आवाज काढतोही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात बारीक केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या तीन रांगांत मिळून साधारण बारा हजार पेशी. आवाज आला की या पेशी स्वतः थरथरून तो मोठा करतात, आणि त्या थरथरण्याचा अगदी बारीक आवाज उलटा बाहेर येतो. दोन सूर एकदम कानात सोडले, तर धडधाकट कान त्यांत आपला तिसरा सूर घालून परत पाठवतो. नळीतल्या प्रत्येक जागेची पट्टी ठरलेली असते. ज्या जागेच्या पेशी मेल्या, तिथला तिसरा सूर येत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळांचे कान दवाखान्यात फार वर्षांपासून असेच तपासतात, कारण बाळाला 'ऐकू आलं का' असं विचारता येत नाही. पण त्याला शांत खोली लागायची. कानोसाच्या अस्तरात ते दोन सूर सोडणारे स्पीकर आणि कागदासारखे पातळ मायक्रोफोन होते आणि वाऱ्याचा नि रस्त्याचा आवाज वजा करून ते हा तिसरा सूर धावत्या गाडीवरही पकडत. हेल्मेट घालून दहा मिनिटं गाडी चालवली की दोन्ही कानांचा नकाशा तयार. त्या नकाशाबरहुकूम गाडीचा आवाज आपोआप जुळणार, ट्यूनरची गरजच उरणार नाही, अशी कंपनीची जाहिरात होती.

मामांनी हेल्मेट उलटंपालटं करून बघितलं. "चिमूट टाकतंय काय हे?"

"तेच बघते," मी म्हणाले.

"बघ. टाकत असलं तर मी उद्यापास्नं शेळ्या राखतो."

मी हेल्मेट घालून घाटात गेले आणि परत येऊन नकाशा उघडला. नकाशा म्हणजे एक रेघ असते, डावीकडून उजवीकडं खर्जापासून वरच्या सुरापर्यंत जाणारी. माझी रेघ तीन हजारपर्यंत सरळ आली आणि चार हजारला एकदम खाली गेली, मग पुन्हा वर आली. रस्त्यातल्या खड्ड्यासारखा खड्डा, दोन्ही कानांत. माझं वय एकतीस. मी सरळ यंत्राला शिव्या घातल्या.

यंत्र बिघडलंय हे सिद्ध करायला मी मामीला गॅरेजात आणून स्टुलावर बसवलं. मामी अठ्ठावन्न वर्षांची आणि भाजी मंडईपलीकडं मोटरसायकलवर कधी न बसलेली. "डोकं लई मोठं दिसतंय गं ह्यात," म्हणत ती दहा मिनिटं बसली. तिची रेघ वयाप्रमाणं हळूहळू उतरत गेली होती, पण खड्डा कुठं नव्हता. यंत्र चांगलं होतं.

मग मी महिनाभर सर्व्हिसिंगला येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना 'नवीन हेल्मेट आलंय, बघा कसं बसतं' म्हणून ते घालायला लावलं. सतरा जण झाले. सतराच्या सतरा जणांना चार हजारला खड्डा होता. जो आमच्याकडं जितका जुना, त्याचा तितका खोल.

आमच्याकडं प्रत्येक गाडीच्या ट्यूनिंगची फाईल तारखेसह जपून ठेवलेली असते. मी तीनशे बारा फायली उघडल्या आणि प्रत्येकीतून एकच आकडा काढला, चार हजारच्या पट्टीचा. पहिल्या वर्षी चिमूट होती दोन डेसिबलची. चार वर्षांनी चार. मग सहा, सात. यंदा नऊ. चिमूट वर्षागणिक वाढत आली होती आणि मामांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना दर वेळी तेवढीच धार ऐकू येत होती, कारण त्यांचा कान वर्षागणिक उतरत होता.

तरुणपणी मामांनी मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या केल्या, नंतर पंधरा वर्षं इंजिनच्या गॅरेजात ग्राइंडर चालवला. कानाच्या बाहेरच्या नळीची घडणच अशी आहे, की तीन-चार हजारच्या आसपासचे सूर ती आपसूक मोठे करते, त्यामुळं गोंगाटात पहिली मरते ती हीच जागा. मामांच्या कानात तिथं खड्डा पडला होता, आणि ते तो आमच्या सगळ्यांच्या स्पीकरमधून भरत होते. डेसिबलच्या मापात तीन अंक चढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. नऊ म्हणजे आठपट. जो आवाज कान आठ तास सोसेल, तो आठपट केला की एक तासात कानाचं नुकसान सुरू. आमची गिऱ्हाइकं दिवसाला तीन-तीन तास गाडीवर असतात.

आणि मी तर अकरा वर्षं पुढं बसून गाडी चालवत होते, चारही स्पीकर माझ्या डोक्याकडं रोखलेले. त्या दिवशी मला भीती वाटली, मामांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली, कारण ज्या माणसानं मला घडवलं त्यानं हे मुद्दाम केलेलं नव्हतं.

कंपनीचा आपोआप जुळणारा आवाजही मी लावून बघितला. यंत्रानं माझा खड्डा शोधला आणि नेमक्या त्याच पट्टीवर जोर वाढवला. म्हणजे एवढं शास्त्र करून तेही मामांसारखंच करत होतं, मेलेल्या पेशींना उठवायला ओरडत होतं आणि आसपासच्या जिवंत पेशींना मारत होतं. मी ते बंद करून टाकलं आणि हेल्मेट फक्त नकाशापुरतं ठेवलं.

मी काही भित्री नाही, पण मामांना तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही. मी चोरवाट काढली. गाड्या सर्व्हिसिंगला येतील तशी एकेकीची चिमूट गुपचूप काढायची, पट्टी शून्यावर आणायची आणि कुणाला काही बोलायचं नाही.

पहिली गाडी आली श्रीतेज मगदूमची. श्रीतेज अठ्ठावीस वर्षांचा, एका दूध संघात संकलन केंद्रं तपासायचं काम. रोज दीडशे किलोमीटर गाडीवर, सात वर्षं आमच्या आवाजात. त्या दिवशी पाच वर्षांच्या मुलीला, ईश्वरीला, पुढं बसवून आला होता. पोरगी उतरली आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "आत्या, ह्या दिव्याचं बटण कुठाय?"

मी दाखवलं. श्रीतेज म्हणाला, "काय मागतीया?"

"बटण विचारतीय दिव्याचं."

"तुम्हाला कळलं व्हय? मला तर हिचं निम्मं कळत न्हाई. पुटपुटतीय नुसती. जीभ जड हाय, म्हणून डॉक्टरला दाखवायचं चाललंय. रोज सांजच्याला आरशासमोर बसवून 'स' नि 'त' घोकून घेतोय." मग मुलीकडं वळून जरा चढ्या आवाजात, "नीट बोलायचं, काय?"

ईश्वरीनं खाली मान घातली. तिच्या बोलण्यात काडीचा दोष नव्हता. 'स', 'श', 'त' हे सगळे वरच्या पट्टीतले आवाज, आणि तेच तिच्या बापाच्या खड्ड्यात पडत होते. मी त्याची चिमूट काढून गाडी परत दिली आणि स्वतःची समजूत घातली, की आपण वेळेवर जागे झालो.

चार दिवसांनी श्रीतेज परत आला. मामा दारातच बसले होते.

"मामा, गाडी मुकी झाली हो. चिमूट गेली वाटतं. आवाज पुरा चढवला तरी मजा न्हाई."

म्हणजे मी पट्टी उतरवली आणि त्यानं सगळाच आवाज वर नेला. माझ्या शहाणपणानं त्याचा कान आधीपेक्षा जास्त भाजत होता. मामांनी टॅब्लेट मागून घेतला, त्याची फाईल उघडली आणि चार हजारला शून्य बघितलं. "गाडी ठेवून जा. उद्या ये," त्यांनी श्रीतेजला सांगितलं. तो गेल्यावर उठून शटर अर्धं खाली ओढलं.

"कुणी हात लावला?"

"मी."

"अकरा वर्षं शिकवलं तुला. आता माझ्या माघारी माझाच हात पुसायला लागलीस?"

मी त्यांच्यासमोर सगळं मांडलं. माझा नकाशा, मामीचा, सतरा गिऱ्हाइकांचे, आणि तीनशे बारा आकड्यांची दोनवरून नऊवर चढणारी रेघ. मामांनी ते लांबूनच बघितलं.

"यंत्राला काय कळतंय? आख्खा जिल्हा ह्या कानावर चालतोय."

"म्हणूनच सांगते, मामा."

"म्हंजे मी लोकांची कानं फोडली, असं म्हणतीस?"

मामांना आजवर मी कधी उलटून बोलले नव्हते. "व्हय," मी म्हणाले.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, म्हणून मी ईश्वरीचं सांगितलं. आरशासमोर बसून 'स' घोकणारी पोर, तिचं स्वच्छ बोलणं आणि ते न ऐकणारा बाप.  मग मामांनी स्वतः हात लांब करून हेल्मेट घेतलं, घातलं आणि स्टुलावर जाऊन बसले. दहा मिनिटांनी नकाशा आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि चार हजारच्या जागेवर बोट ठेवलं. तिथं रेघ चौकटीच्या तळाला जाऊन टेकली होती.

"हे तळाला लागलंय, का कागद संपलाय?"

"कागद संपलाय, मामा."

दोन दिवस मामा गॅरेजात आले नाहीत. मामी म्हणाली, "टीव्ही लावत्यात, आवाज बंद करत्यात, आन् नुसतं बघत बसत्यात. काय झालंय गं?" मी तिला सांगितलं. मामी पदरानं हात पुसत म्हणाली, "मी धा वर्षं म्हणतीया, कुकरची शिट्टी ह्यांस्नी ऐकू येत न्हाई. म्हटलं, पुरुष माणूस, ऐकून न ऐकल्यासारखं करत असंल."

तिसऱ्या दिवशी मामा आले ते थेट माझ्या टेबलापाशी. मी रात्रभर बसून केलेली योजना त्यांना सांगितली. चिमूट काढायची, शिवाय पेटीत आवाजाला कुलूप घालायचं, ठराविक अंकाच्या वर आवाज चढणारच नाही. हळूहळू करू, कुणाला कळणार नाही.

"न्हाई," मामा म्हणाले. "चोरून काढलीस तर काय झालं, ते बघितलंस की. कुलूप घातलंस तर दुसऱ्याकडनं तोडून घेतील. नऊ गॅरेजं हायत गल्लीत. त्यांस्नी स्वतःला पटलं पायजे."

"पटवणार कसं?"

"मेळ्यात सांगायचं. समद्यांसमोर."

दर जानेवारीत वाघबीळच्या माळावर आमच्या गाड्यांचा मेळा भरतो. आमच्याकडं ट्यून केलेल्या गाड्या लांबून लांबून येतात, लोक बायकापोरं घेऊन येतात, भडंग नि चहाच्या गाड्या लागतात, आणि शेवटी मामा एका गाडीला सगळ्यांदेखत चिमूट टाकतात. तो मान मिळावा म्हणून माणसं वर्षभर गाडी घासतात.

"मामा, नाव जाईल तुमचं," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला माझंही दिसत होतं. पुढं गॅरेज मीच बघणार होते, आणि लोहारमामांची भाची एवढंच माझं भांडवल होतं.

"नाव माझं हाय. कानं लोकांची हायत. त्या पोरीला आणि किती दिस आरशासमोर बसायला लावायचं?" ते खुर्ची ओढून बसले. "कसं दाखवायचं ते तू ठरव. शास्त्र तुझं. बोलायचं मी."

मी तीन आठवडे त्यावर काम केलं. नकाशे दाखवून उपयोग नव्हता, मला स्वतःलाच आधी यंत्र बिघडलेलं वाटलं होतं. शेवटी सगळ्यांत साधी गोष्ट धरली. चार हजारचा एकच सूर, मामांच्या स्वतःच्या गाडीच्या स्पीकरमधून, अगदी बारीक सुरू करून हळूहळू वाढवत न्यायचा. कानाला धोका होईल इतका नाही, पण चांगला कान असेल त्याला टोचेल इतका. ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. मामांना हे आवडलं. चार वेळा त्यांनी माझ्याकडून आकडे तपासून घेतले.

मेळ्याला अडीचशेवर गाड्या आल्या. दुपारी चारला मामा माईक घेऊन त्यांच्या गाडीशेजारी उभे राहिले. समोर पोरंबाळं मांडी घालून बसली होती, मागं आपापल्या गाडीला टेकून पुरुष आणि काही मुली, कडेला बायका.

"यंदा चिमूट टाकणार न्हाई," मामा म्हणाले. "टाकलेल्या काढणार हाय. माझा कान गेलाय. जिथं मला ऐकू येत न्हाई तिथं मी तुमच्या गाडीत जोर घातला, आणि त्यानं तुमचंबी कान जायला लागल्यात. चूक माझी हाय. भाचीनं दाखवून दिली."

लोक हसले. मोठ्या माणसाची लीनता वाटली त्यांना. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, भाषण ऱ्हाऊ द्या, चिमूट टाका." श्रीतेजही हसत पुढं आला. "मामा, त्या पुण्याच्या कंपनीनं तुमचं कान भरलं काय?"

"शंका हाय न्हवं? मग डोळं मिटा समद्यांनी," मामा म्हणाले. "एक शिट्टी वाजंल. ऐकू आली की हात वर करायचा. शेजाऱ्याकडं बघायचं न्हाई." आणि त्यांनी स्वतःही डोळे मिटले. "प्रणू, लाव."

मी सूर लावला आणि आकडा वाढवायला सुरुवात केली. मी एकटीच डोळे उघडे ठेवून होते.

पहिला हात समोरच्या पोरांपैकी एकीचा वर गेला. मग दुसरा, मग पुढची आख्खी ओळ. कडेच्या बायकांचे हात वर यायला लागले, त्यांत मामीचा. चहावाल्यानं एका हातात किटली धरून दुसरा वर केला. मी आकडा चढवत राहिले. बराच वेळ गेल्यावर मलाही सूर ऐकू आला, तेव्हा मी डावा हात वर केला आणि उजव्या हातानं वाढवणं चालू ठेवलं. गेल्या वर्षी-दोन वर्षांत आमच्याकडं आलेल्या काही तरुणांचे हात अर्धवट, खात्री नसल्यासारखे वर आले.

गाड्यांना टेकलेल्या जुन्या गिऱ्हाइकांचे हात खालीच होते. डोळे मिटलेले, चेहरे शांत, सगळे वाट बघत होते. श्रीतेजही त्यांत होता. त्याच्या गाडीवर बसलेल्या ईश्वरीनं एक हात वर धरला होता आणि दुसऱ्यानं कान दाबला होता. पुढच्या पोरांनी तोंडं वाकडी केली होती. एकानं तर सरळ कानात बोटं घातली.

आणि मामांनी मिटल्या डोळ्यांनीच माईक तोंडाजवळ नेला.

"लाव की गं," ते म्हणाले. "किती येळ?"

ते माळभर ऐकू गेलं. माणसांनी डोळे उघडले. आधी मामांकडं बघितलं, मग एकमेकांकडं, मग आपापल्या बायकापोरांच्या वर गेलेल्या हातांकडं. कुणी हसलं नाही. श्रीतेज वळून मुलीकडं बघत होता.

"काय गं, काय झालं?"

"शिट्टी वाजतीया पप्पा. कवापास्नं."

त्याला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं, तितकंच स्पष्ट. या खेपेला तो तिच्या ओठांकडं बघत होता. मग त्यानं तिचं कान दाबलेलं बोट हळूच बाजूला केलं, तिनं लगेच परत कानावर ठेवलं.

मामांनी डोळे उघडले. कागदावरचा खड्डा त्यांनी महिनाभरापूर्वीच बघितला होता, तरी समोर वर झालेले हात बघून त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळून त्यांनी माईक बाजूला केला.

"चालू हाय?"

मी मान हलवली.

"कवाधरनं?"

"दोन मिनटं झाली."

मामांनी एकदा आपल्या गाडीच्या स्पीकरकडं बघितलं. मला वाटलं आता ते खाली बसतील, मी खुर्ची ओढायला वाकलेही. पण त्यांनी माईक परत तोंडाशी धरला, आणि त्यांचा आवाज घाटात मला वळण सांगतानाचा होता तसाच होता.

"ज्यांचं हात खाली व्हतं, त्यांनी गाड्या हिकडं रांगेत लावा. आज जेवढ्या हुतील तेवढ्या, उरलेल्या उद्या. समद्या हुईस्तोवर गॅरेज दुसरं काम घेणार न्हाई. पयली माझी."

 मग श्रीतेजनं ईश्वरीला बायकोकडं दिलं आणि गाडी ढकलत आणून मामांच्या गाडीमागं लावली. त्याच्यामागं आणखी एक आली, आणखी दोन आल्या. काही जण गाड्या काढून निघूनही गेले, त्यांची नावं मी लिहून ठेवली, त्यांच्या घरी जायचं होतं.

मी सूर बंद केला. पोरांनी कानांवरचे हात काढले. मामा अजून माझ्याकडंच बघत होते, आणि मग त्यांनी खुणेनं विचारलं, बंद केलास का? मी हो म्हणून मान हलवली आणि त्यांच्या गाडीची फाईल उघडली.